‘दीर्घकालीन’ या शब्दाआड दडलेली तातडी: युद्धग्रस्त भागांतील मधुमेहींसाठी एक खुले पत्र

प्रति,
संघर्षग्रस्त प्रदेशांतील मदतकार्याची आखणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था, त्यांना निधी देणारी सरकारे, आणि ज्यांच्या परवानगीवाचून औषधांचा ट्रक पुढे सरकत नाही असे सर्व लष्करी व प्रशासकीय अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

मी गेली २२ वर्षे टाइप १ मधुमेहासह, म्हणजे शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा मधुमेहासह, जगते आहे. युद्ध मी पाहिलेले नाही आणि पाहिल्याचा आव आणून हे पत्र लिहीत नाही. मात्र बाटलीत किती इन्सुलिन उरले आहे यावर ज्याचा महिना बेतलेला असतो, अशा माणसाला युद्धाच्या बातम्यांत काही गोष्टी इतरांच्या आधी दिसतात. एखाद्या शहराची वीज तोडल्याचे वाचले की मला आधी तिथले फ्रिज दिसतात. रस्ते बंद झाल्याचे कळले की मी नकळत दिवस मोजू लागते, कारण तिथल्या माझ्यासारख्या कुणाकडे किती दिवसांचे औषध असेल याचा अंदाज मला घरबसल्या बांधता येतो, आणि तो अंदाज बहुधा तीन-चार आठवड्यांच्या पुढे जात नाही.

आपल्या कागदपत्रांत मधुमेह ‘दीर्घकालीन असंसर्गजन्य आजार’ या शीर्षकाखाली नोंदला जातो. वर्गीकरण म्हणून त्यात काही चूक नाही. हा आजार जन्मभर साथ सोडत नाही आणि एकाचा दुसऱ्याला होत नाही. अडचण अशी की हाच शब्द आपत्कालीन आखणीच्या बैठकीत पोहोचला की त्याचा अर्थ बदलतो आणि ‘दीर्घकालीन’ म्हणजे ‘नंतर पाहता येईल असे’ असे समजले जाऊ लागते. पहिल्या फेरीत जखमांची मलमपट्टी, शस्त्रक्रियेचे साहित्य, प्रतिजैविके, गोवर व पटकीचा प्रतिबंध. पुढच्या फेरीत, परिस्थिती निवळल्यावर, ‘इतर आजार’. या ‘इतर’मध्ये ज्यांचे इन्सुलिन अडकते त्यांना परिस्थिती निवळेपर्यंत थांबता येत नाही. हे पत्र मुख्यतः एवढेच सांगण्यासाठी आहे. पुढे जे लिहिते आहे तो याच म्हणण्याचा तपशील आहे.

ज्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही, त्याला ते बाहेरून मिळणे थांबले की काय होते हे आपल्या वैद्यकीय सल्लागारांना ठाऊक आहे. मी ते केवळ वेळेच्या हिशेबाने मांडते. काही तासांत रक्तातली साखर चढू लागते, तहान भागेनाशी होते, लघवीला वारंवार जावे लागते. पेशींना साखर वापरता येत नसल्यामुळे शरीर चरबी जाळू लागते, त्यातून निर्माण होणाऱ्या कीटोनमुळे रक्त आम्लधर्मी होते, उलट्या सुरू होतात, पोटात दुखते, श्वास खोल आणि जलद होतो, ग्लानी येते. याला कीटोॲसिडोसिस म्हणतात. इथवरचा प्रवास बऱ्याचदा एक-दोन दिवसांत पुरा होतो आणि उपचार न मिळाल्यास तो मृत्यूपाशी संपतो. उपचार म्हणजे शिरेतून भरपूर द्रव, इन्सुलिन आणि पोटॅशियमवर लक्ष, म्हणजे नेमकी तीच सामग्री आणि तेच मनुष्यबळ, ज्याची लढाईच्या दिवसांत रुग्णालयात सर्वाधिक ओढाताण असते. बाटलीभर इन्सुलिन वेळेवर न पाठवल्याने जो खाटा आणि सलाइन वाचवू पाहतो, त्याला थोड्याच दिवसांत त्याच खाटा आणि तेच सलाइन कितीतरी अधिक प्रमाणात द्यावे लागते.

यात ज्यांची गणती कुठेच होत नाही ती म्हणजे अजून निदान न झालेली मुले. टाइप १ मधुमेह युद्ध संपण्याची वाट पाहत नाही. तो छावणीतल्या सात वर्षांच्या मुलीलाही त्या आठवड्यात होऊ शकतो. उलट्या, पोटदुखी, धाप, थकवा ही लक्षणे पाहून तिच्यावर जठरांत्राच्या संसर्गाचे, न्यूमोनियाचे किंवा मलेरियाचे उपचार होतात, कारण छावणीत तेच आजार अधिक दिसतात. हगवण लागून पाणी कमी झालेले मूल सहसा लघवी कमी करते आणि हे मूल मात्र कोरडे पडत असतानाही भरपूर लघवी करत असते, एवढ्या एका फरकाकडे लक्ष गेले आणि बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासली, तर निदान मिनिटभरात होते. त्यासाठी तपासणीच्या तंबूत एक ग्लुकोमीटर आणि पट्ट्या असाव्या लागतात. विशेषज्ञाची गरज नंतर पडते.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये १४ वर्षांच्या एका मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून काही महिने जगवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हते. ज्या फ्रेडरिक बँटिंग यांच्या प्रयत्नांतून हे औषध मिळाले ते स्वतः पहिल्या महायुद्धात लष्करी डॉक्टर होते आणि १९१८ मध्ये कांब्रेच्या लढाईत जखमी झाले होते. जखमी अवस्थेतही त्यांनी इतर जखमींवर उपचार चालू ठेवले. हे औषध रणांगण जाणणाऱ्या माणसाच्या हातून आले आणि आज रणांगणाच्या आसपासच ते सर्वांत आधी संपते, याची खंत येथे नोंदवून पुढे जाते.

आता थोडा हिशेब. प्रौढ टाइप १ रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण अर्धा ते एक युनिट इन्सुलिन लागते. दिवसाला ४० युनिट धरले तर वर्षाला १४,६०० युनिट होतात. १०० युनिट प्रति मिलिलिटर क्षमतेच्या १० मिलिलिटरच्या बाटलीत १,००० युनिट असतात, म्हणजे एका माणसाला वर्षाला १५ बाटल्या पुरतात. हजार माणसांचा वर्षभराचा द्रव मोजला तर तो १५० लिटर भरतो. काच, खोकी आणि थंड डबे धरून जागा याहून बरीच अधिक लागते हे मला मान्य आहे. तरीही ट्रकात जागा नाही, वजन परवडत नाही, ही सबब इन्सुलिनबाबत टिकत नाही. औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत १९७७ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि दीर्घकाळ काम करणारी नवी इन्सुलिनेही २०२१ मध्ये त्या यादीत आली. यादीतले नाव आणि रुग्णाच्या हातातली बाटली यांच्यामध्ये जे अंतर उरते, ते पार करणे आपल्या हाती आहे.

मात्र बाटली एकटी पाठवून भागत नाही. सिरिंज हवी, सुया हव्यात, इन्सुलिन टोचण्याचे पेन असेल तर पेनला बसणाऱ्या सुया हव्यात, साखर मोजायला मीटर आणि त्याच मीटरच्या पट्ट्या हव्यात. एका कंपनीच्या पट्ट्या दुसऱ्या कंपनीच्या मीटरमध्ये चालत नाहीत, त्यामुळे चांगल्या भावनेने पाठवलेल्या निरनिराळ्या मीटरची खोकी अनेकदा पट्ट्या संपल्या की निरुपयोगी होऊन पडतात. दिवसातून फक्त दोनदा साखर तपासायची म्हटले तरी वर्षाला ७३० पट्ट्या लागतात. पट्ट्यांविना इन्सुलिन घेणे म्हणजे डोळे बांधून जिना उतरण्यासारखे आहे. रोजचा जिना ओळखीचा असेल तर एखादे वेळी निभावतेही, पण युद्धात जिन्याच्या पायऱ्याच रोज बदलतात.

याहून धोक्याची एक गोष्ट देणग्यांच्या गोंधळात लपलेली असते आणि तिच्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. जगात आजही दोन क्षमतांचे इन्सुलिन वापरात आहे: काही देशांत ४० युनिट प्रति मिलिलिटर आणि बहुतेक ठिकाणी १०० युनिट प्रति मिलिलिटर. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या असतात. शंभरच्या बाटलीसोबत चाळीसची सिरिंज हाती आली आणि रुग्णाने नेहमीच्या खुणेपर्यंत औषध भरले, तर शरीरात अडीच पट इन्सुलिन जाते, आणि असा डोस प्राणावर बेतू शकतो. उलट झाले, म्हणजे चाळीसच्या बाटलीला शंभरची सिरिंज मिळाली, तर गरजेच्या जेमतेम ४० टक्केच औषध पोहोचते आणि साखर का उतरत नाही हे कुणाला उमगत नाही. चार देशांतून चार प्रकारचे साहित्य एकाच गोदामात येते तेव्हा ही चूक घडायला कुणाचा निष्काळजीपणा लागत नाही, घाई पुरते. म्हणून एका संघर्षक्षेत्रात एकाच क्षमतेचे इन्सुलिन आणि तिच्याच सिरिंज जातील, एवढे एकमत मदतसंस्थांनी आपसांत केले पाहिजे. रुग्णाला नेमके त्याच्या नेहमीच्याच प्रकारचे इन्सुलिन मिळेल की नाही हा प्रश्न नंतरचा. एक प्रकार बदलून दुसरा देणे शक्य असते, मात्र ते सांगून, लिहून आणि डोस पुन्हा ठरवून.

साठवणुकीबद्दल एक अनुभव सांगते. काही वर्षांपूर्वी माझी नवी बाटली फ्रिजमध्ये अगदी मागच्या भिंतीला टेकून राहिली आणि गोठली. सकाळी ती विरघळून दिसायला अगदी जशीच्या तशी होती. मी तीच वापरली आणि दीड दिवस साखर का चढते आहे याचा शोध जेवणात, तापात, सुईत, सगळीकडे घेतला; बाटलीवर संशय यायला सगळ्यांत उशीर लागला. एकदा गोठलेले इन्सुलिन भरवशाचे राहत नाही, ते टाकूनच द्यावे लागते, हे तेव्हा मला पाठ झाले. माझ्याकडे दुसरी बाटली होती, म्हणून ती चूक दीड दिवसावर निभावली. ऑक्टोबर २०२२ पासून युक्रेनच्या वीजव्यवस्थेवर हल्ले सुरू झाले आणि हिवाळ्यात घरे गारठली, त्या बातम्या वाचताना मला तीच बाटली आठवत होती: तिथे औषधाला उष्णतेपेक्षा गोठण्याचे भय अधिक होते. एप्रिल २०२३ पासून युद्धात होरपळणाऱ्या सुदानमध्ये किंवा ऑक्टोबर २०२३ मध्ये ज्याचा वीजपुरवठा तोडला गेला त्या गाझामध्ये प्रश्न नेमका उलटा होता.

उष्णतेबाबत मात्र एक दिलासा आहे, आणि तो आपल्यापैकी अनेकांच्या नियमपुस्तकांत अजून पुरता उतरलेला नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावी हा नियम योग्यच आहे. दीर्घ साठवणूक आणि वाहतूक त्याच तापमानाला व्हायला हवी. परंतु केनियातल्या दगाहाले या निर्वासित छावणीतील घरांमधले प्रत्यक्ष तापमान मोजून, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ (एमएसएफ) या वैद्यकीय मदतसंघटनेने आणि जिनिव्हा विद्यापीठाने मिळून एक अभ्यास केला आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तापमान दिवसभरात २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान वरखाली होत असले तरी चार आठवडे इन्सुलिनची ताकद थंड ठेवलेल्या इन्सुलिनच्या तोडीचीच राहते, असे त्यात आढळले. याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. घरी फ्रिज नाही या कारणावरून रुग्णाला रोज दोनदा दवाखान्यात येऊन इंजेक्शन घ्यायला लावण्याची पद्धत काही ठिकाणी होती. ज्या रस्त्यावर गोळीबार होतो त्या रस्त्याने दिवसातून दोनदा जा-ये करण्याची ती शिक्षाच होती. ओलसर मातीच्या भांड्यात, सावलीत, बाटली घरी ठेवता येते आणि माणूस आपले इंजेक्शन आपण घेऊ शकतो. त्यामुळे शीतसाखळी, म्हणजे औषध वाटेत सतत थंड ठेवणारी व्यवस्था, नाही म्हणून इन्सुलिन पाठवत नाही, हे उत्तर यापुढे कुणी देऊ नये. गोदामापर्यंत शीतसाखळी लागते. गोदामापासून घरापर्यंतच्या चार आठवड्यांसाठी तिचा अभाव हे अडवणुकीचे कारण होऊ शकत नाही.

आता अन्नाबद्दल, कारण इन्सुलिन आणि अन्न वेगवेगळ्या खात्यांत असतात ही आपल्या यंत्रणेतली दुसरी मोठी फट आहे. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असताना फ्रेंच वैद्य आपोलिनेर बूशार्दा यांच्या लक्षात आले की शिधा तुटपुंजा झाल्यावर त्यांच्या काही मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. वैद्यकाच्या इतिहासात हे निरीक्षण मोलाचे मानले जाते आणि आहारनियंत्रणाचा विचार त्यातून पुढे गेला. पण हे वाचून उपासमार मधुमेहाला मानवते अशी समजूत कुणी करून घेऊ नये. ज्यांच्या शरीरात थोडेफार इन्सुलिन बनते त्यांची साखर कमी खाल्ल्याने उतरते हे खरे. ज्यांचे शरीर ते बनवतच नाही त्यांना उपासातही इन्सुलिन लागतेच, फक्त कमी लागते. ते पूर्ण बंद केले तर पोटात अन्नाचा कण नसतानाही कीटोॲसिडोसिस होतो. आणि नेहमीएवढे घेतले तर साखर इतकी उतरते की माणूस थरथरतो, गोंधळतो, बेशुद्ध पडतो. ‘खाल्ले नाही, म्हणून सुईच घेतली नाही’ आणि ‘सुई घेतली, पण खायला मिळाले नाही’ ही दोन्ही वाक्ये सारखीच धोक्याची आहेत, आणि शिधा कधी येईल हे ठाऊक नसलेल्या माणसाला त्यांपैकी एक रोज निवडावे लागते.

शिध्याची आखणी दरडोई दिवसाला २,१०० किलोकॅलरी या मापाने होते आणि त्यात धान्य, कडधान्य, तेल, मीठ यांचा मुख्य भर असतो. उपाशी पोटांसाठी हे माप समजण्यासारखे आहे. मधुमेहींसाठी निराळे जेवण शिजवा अशी अवास्तव मागणी मी करत नाही. माझी मागणी बरीच लहान आहे. शिधावाटपाचा दिवस आणि अंदाजे वेळ आधी कळली तर डोस जुळवता येतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येक घराला शिध्याबाहेर थोडी साखर मिळाली, तर ती अन्न म्हणून न खाता औषध म्हणून जवळ ठेवता येते. साखर हे मधुमेहीचे प्राणरक्षक औषध आहे हे वाक्य विचित्र वाटेल, पण हात थरथरू लागले की माझ्या पिशवीत मी सर्वांत आधी तीच शोधते.

साखर उतरलेला माणूस बाहेरून दारू प्यायल्यासारखा किंवा वेड लागल्यासारखा दिसतो. बोलणे अडखळते, विचारलेले कळत नाही, हुकूम पाळला जात नाही. तपासणी नाक्यावर, हातात बंदूक असलेल्या आणि स्वतः घाबरलेल्या तरुण शिपायासमोर हे घडले तर काय होऊ शकते हे मी लिहिण्याची गरज नाही. म्हणून नाक्यांवर तैनात असणाऱ्यांना या एका स्थितीची ओळख करून द्यावी, आणि रुग्णांना स्थानिक भाषेत व नाक्यावरच्या भाषेत छापलेले एक साधे कार्ड द्यावे, अशी माझी लष्करी अधिकाऱ्यांना विनंती आहे. त्याच कार्डावर सिरिंज आणि सुया बाळगण्याचे कारणही लिहिता येईल, कारण झडतीत सुया सापडल्या की त्या संशयाची वस्तू ठरतात आणि फेकल्या जातात.

गोळ्यांचा मुद्दा थोडक्यात. जगातल्या बहुसंख्य मधुमेहींना टाइप २ मधुमेह आहे, ज्यात शरीरात थोडेफार इन्सुलिन बनते, आणि २०२४ मध्ये जगभरातल्या ५८ कोटी ९० लाख प्रौढ मधुमेहींपैकी दर पाचात चार जण अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते, त्यामुळे छावण्यांत त्यांची संख्या लक्षणीय असणारच. त्यांना इन्सुलिनइतकी तासांची घाई बहुधा नसते, पण नेहमीच्या गोळ्या उपासमारीत नेहमीसारख्या वागत नाहीत. ग्लिबेनक्लामाइडसारखी गोळी घेऊन उपाशी राहिलेल्या वृद्धाची साखर तासन्‌तास खाली राहू शकते. एम्पाग्लिफ्लोझिनच्या गटातल्या गोळ्या उपासात आणि निर्जलीकरणात चालू राहिल्या तर कीटोॲसिडोसिसचा धोका वाढतो. पाणी तुटून मूत्रपिंडांवर ताण आलेला असताना मेटफॉर्मिनही थांबवावे लागू शकते. औषधांच्या पेटीसोबत ‘खायला-प्यायला मिळत नसेल तेव्हा काय थांबवायचे आणि काय कधीच थांबवायचे नाही’ हे सांगणारा एक कागद गेला पाहिजे. त्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहायचे वाक्य हे: टाइप १ असलेल्याने इन्सुलिन पूर्ण बंद करू नये.

आणि पाय. जीव वाचवण्यासाठी मैलोन्‌मैल चालणाऱ्यांत असे लोक असतात ज्यांच्या तळव्यांना मधुमेहामुळे संवेदनाच उरलेली नसते. चप्पल तुटते, खडा रुततो, फोड येतो, आणि त्यांना दुखत नाही. आठवड्याने वास येऊ लागल्यावर घरच्यांच्या लक्षात येते, आणि ज्या शस्त्रक्रियागृहात स्फोटातल्या जखमींची रांग आहे तिथेच पाय कापायची आणखी एक शस्त्रक्रिया वाढते. मदतीच्या पेटीत बंद, मऊ पादत्राणे आणि नोंदणीच्या रांगेतच ‘पाय दाखवा’ म्हणणारी एक परिचारिका, एवढ्याने यातले बरेच टळते. हे औषधनिर्माणाचे काम नाही, म्हणूनच बहुधा ते कुणाच्याच यादीत येत नाही.

अधिकाऱ्यांना आणखी एक आठवण करून देणे भाग आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे २३ वे कलम नागरिकांसाठीच्या औषधांच्या व वैद्यकीय साहित्याच्या खेपांना मुक्त वाट देण्याचे बंधन घालते, शत्रुपक्षाच्या नागरिकांसाठीही. ३ मे २०१६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २२८६ क्रमांकाचा ठराव करून आरोग्यसेवेवरील हल्ल्यांचा निषेध केला आणि ती अबाधित ठेवण्याची सर्व पक्षांना आज्ञा केली. वाट नाकारली गेल्याचे प्रत्येक उदाहरण बातमीत येत नाही. कित्येकदा खेप नाकारली जात नाही, नुसती उन्हात उभी केली जाते. इन्सुलिनच्या बाबतीत या दोन्हींत फारसा फरक राहत नाही. २५ ते ३७ अंशांचा जो दिलासा मी वर सांगितला तो घराच्या सावलीतला आहे, बंद ट्रकाच्या पत्र्याखालचा नाही. तेव्हा तपासणी करायची असेल तर ती सावलीत, थंड डब्यांची झाकणे वाजवीपेक्षा अधिक न उघडता, आणि त्याच दिवशी करावी, एवढा साधा नियम नाक्यावर लिहून लावता येईल.

दुसऱ्या महायुद्धात शांघायमध्ये घडलेली एक गोष्ट मधुमेहींच्या वर्तुळात आवर्जून सांगितली जाते. चेकोस्लोव्हाकियातून तिथे आश्रयाला आलेल्या इव्हा साक्सल यांना टाइप १ मधुमेह झाला आणि जपानी ताब्यातल्या त्या शहरात इन्सुलिन मिळेनासे झाले. त्यांनी आणि त्यांचे पती व्हिक्टर यांनी एका वैद्यकीय ग्रंथाच्या आधारे म्हशींच्या स्वादुपिंडांपासून इन्सुलिन काढले, ते सशांवर तपासले आणि मग इव्हा यांनी स्वतः टोचून घेतले. ते औषध तपकिरी रंगाचे होते. त्यावर त्या जगल्या आणि शहरातल्या इतर मधुमेहींनाही ते मिळाले. ही हकिकत धैर्याची म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच, तरी मला ती ऐकताना नेहमी थोडी चीड येते. व्हिक्टर वस्त्रोद्योगातले अभियंता होते, प्रयोगशाळा मिळाली, ग्रंथ मिळाला, म्हशी मिळाल्या. ज्यांना यांतले काहीच मिळाले नाही त्यांची हकिकत सांगायला कुणी उरले नाही. आजचे इन्सुलिन कुणाला स्वयंपाकघरात बनवता येणार नाही आणि कुणी तसा प्रयत्नही करू नये. आजच्या रुग्णापाशी जुगाडाचा मार्ग नाही, तो पूर्णपणे आपल्या यादीवर, आपल्या निधीवर आणि आपल्या सहीवर अवलंबून आहे.

संघर्ष पेटण्याची चिन्हे अनेकदा काही आठवडे आधी दिसतात. त्या काळात तिथल्या मधुमेहींना एकाच वेळी तीन महिन्यांचे औषध आणि साहित्य हाती देण्याची मुभा स्थानिक आरोग्ययंत्रणेला असावी. महिन्याचेच औषध मोजून देण्याचा शांततेतला नियम त्या आठवड्यांत घातक ठरतो. रुग्णांची नोंद शक्य तर कागदावरही त्यांच्याजवळ असावी, कारण रुग्णालयातला संगणक आणि रुग्णालय दोन्ही नाहीसे होऊ शकतात: आजाराचा प्रकार, इन्सुलिनचे नाव व क्षमता, रोजचे युनिट, एवढ्या तीन ओळी. आणि पहिल्या फेरीच्या औषधयादीवर चर्चा होते त्या खोलीत मधुमेहासह जगणारी एक तरी व्यक्ती बसलेली असावी. चाळीसची सिरिंज शंभरच्या बाटलीसोबत निघाली आहे हे तिला कागद पाहताच दिसेल.

आपल्या पुढच्या आपत्कालीन पेटीची यादी मंजुरीसाठी समोर येईल तेव्हा इन्सुलिनची ओळ कोणत्या पानावर आहे ते कृपया पाहावे. ती शेवटच्या पानावर ‘नंतर’ या रकान्यात असेल, तर ती पहिल्या पानावर सलाइनच्या शेजारी हलवावी आणि तिच्यासमोर सिरिंज, पट्ट्या व साखर हे तीन शब्द लिहावेत, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
टाइप १ मधुमेहासह जगणारी एक नागरिक